कुणाचाच नसलेला डोळा

पुण्याहून अमरावतीला जाताना मला गाडी तीनदा बदलावी लागली : दौंड, मनमाड आणि बडनेरा. तिन्ही ठिकाणी मी एक लाकडी पेटी हमालाला न देता स्वतः उतरवली. लांबी तीन फूट, रुंदी दोन फूट, जाडी पाच इंच. वर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘मानवी डोळा, नग एक. उभी ठेवू नये.’ वर्णन खरे असावे एवढाच माझा हेतू. बडनेऱ्याच्या तिकीट तपासनिसाने ते दोनदा वाचले आणि पेटीवरचा हात काढून घेतला.

“डोया? कोनाचा?”

“कुणाचा नाही. चित्र आहे.”

“मंग तसं लिहा ना, भाऊ. मानूस घाबरते.”

त्याचे म्हणणे योग्य होते. मी तिथेच पेन्सिल काढून पुढे ‘(चित्र)’ असे लिहिले.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात चित्रकार आहे. हाडे, स्नायू, आतडी, जे प्राध्यापक सांगतील ते काढतो. महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षे झाली होती, तेव्हा रोगांची माहिती लोकांना समजावून सांगणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी अमरावतीला बारा दिवसांचे शिबिर निघाले. चित्रकार, छायाचित्रकार, परिचारिका, आरोग्य निरीक्षक असे आम्ही एकोणीस जण होतो. नव्या यांत्रिक साधनांनी लोकशिक्षण कसे करावे हा विषय. शेवटी प्रत्येकाने आपले साधन एका खेड्यात वापरून दाखवायचे आणि त्यांतले एक छापून विदर्भभर जायचे होते.

माझे साधन म्हणजे हा डोळा. खुपऱ्या नावाच्या रोगात पापणीच्या आत बारीक पुरळ येते, डोळे गळतात, आणि दुर्लक्ष झाले तर दृष्टी जाते. मी उलटलेली पापणी रंगवली होती. दोन वर्षे लागली. पुरळाचे चौदा दाणे होते आणि प्रत्येकाचा आकार ग्रंथाशी ताडून घेतला होता. तो छापला जावा अशी माझी फार इच्छा होती, हे लपवत नाही. माझी चित्रे आजवर फक्त विद्यार्थ्यांनी पाहिली होती, तीही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.

शिबिर एका शाळेच्या सभागृहात होते. पहिले चार दिवस चित्रपट दाखवण्याच्या यंत्रावर व्याख्याने झाली. संचालक परदेशी शिकून आलेले, बोलायला सज्जन. यंत्र मात्र भुसावळला अडकले होते, म्हणून त्यांनी ते फळ्यावर खडूने काढले. आम्ही भिंगाची जागा पाठ केली, फीत कुठून कुठे जाते ते पाठ केले, आणि पाचव्या दिवशी लेखी परीक्षा दिली. मला पन्नासपैकी सत्तेचाळीस गुण मिळाले. सहाव्या दिवशी यंत्र आले. त्यात दिवा नव्हता. दिवा मुंबईहून मागवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि यंत्रावर चादर घातली गेली.

मग संचालकांनी दुसरे आधुनिक साधन काढले : फलालीनचा फळा. फळ्यावर फलालीन (मऊ लवदार कापड) ताणायचे, चित्रांच्या पाठीला फलालीनचे तुकडे चिकटवायचे, की चित्र दाबताच फळ्याला धरून राहते. कथा पुढे सरकेल तशी चित्रे लावायची, काढायची. उत्तम कल्पना. फक्त फलालीन आले नव्हते.

“फलालीन कायले पाहिजे, साहेब?” मागच्या बाकावरून तायडेबाई म्हणाल्या. “घोंगडी घ्या. चित्राच्या पाठीले खळ लावून सरकी काढलेला कापूस चिकटवा. घोंगडीले कापूस कसा धरते ते पाहा.”

तायडेबाई बार्शीटाकळीजवळच्या एका आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. वय तिशीचे, आवाज मोठा. त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या माणसांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता. संचालकांनी शंका घेतली, मी प्रयोग केला. खरबरीत घोंगडीवर कापूस लावलेले चित्र पंख्याच्या वाऱ्यातही अर्धा तास टिकले. जिनिंगचा हंगाम होता. कापसाच्या गाड्यांची रांग शाळेच्या फाटकापर्यंत येत होती. बाईंनी एका गाडीवानाकडून ओंजळभर कापूस मागून आणला. संचालकांनी वहीत ‘स्थानिक पर्याय’ असे शीर्षक लिहून खाली रेघ ओढली.

जेवणाचे हाल नव्हते. एका रविवारी रोडगे (कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले) आणि वांग्याची तिखट भाजी होती. मी दोन रोडगे खाल्ले. वाढणारा म्हणाला, “पुन्याचे लोक पोट घरी ठेवून येतेत का?” मी तिसरा घेतला आणि दुपारच्या व्याख्यानाची टिपणे घेऊ शकलो नाही. माझ्या वहीतले तेवढेच एक पान कोरे आहे.

खेड्यातल्या प्रात्यक्षिकासाठी माझी आणि तायडेबाईंची जोडी लावली. आम्ही अकोल्याला आलो, तिथून बार्शीटाकळीपर्यंत लहान गाडीने, पुढे बैलगाडीने बाईंच्या सासरच्या गावी. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिला पडलेल्या भेगा, वेचणी होऊन गेलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडे). पेटी मी मांडीवर धरली होती.

नियम असा होता : किमान तीस बायकांना साधन दाखवायचे, मग प्रत्येकीला एकटीला तीन प्रश्न विचारून उत्तरे तक्त्यात भरायची. सरपंचांनी देवीच्या देवळापुढचा ओटा सुचवला. सावली होती, मंगळवार होता, बायका येणारच होत्या.

“आमच्या वस्तीच्या बाया देवळाकडं येनार नाईत, साहेब,” तायडेबाई म्हणाल्या. “आधी चावडी पाहू.”

चावडी मी पाहिली. तिथे फार तर पंधरा जणी मावल्या असत्या. ओट्यावर चाळीस. मी ओटा निवडला. वस्तीत दुपारी जाऊ असे ठरवले. हिशेबाने माझा निर्णय बरोबर होता.

ओट्यावर घोंगडी टांगली आणि फळ्यासाठी शिबिरातच सात तुकड्यांत कापलेला डोळा एकेक भाग लावत सिद्ध केला. बायका गप्प झाल्या. मला वाटले, परिणाम होत आहे. मी पापणीचे थर सांगितले, दाण्यांचे प्रकार सांगितले, आणि शेवटी हेही सांगितले की काजळाचे एकच बोट सगळ्या मुलांना लावल्याने रोग पसरतो. पुढे सरपंचांची आत्या बसली होती. तिला सारे गंगूबुढी म्हणत. (बुढी म्हणजे वडीलधारी म्हातारी; तिकडे हा शब्द मानाने वापरतात.) ती उठून फळ्याशी आली.

“हा डोया कोनाचा व्हय?”

“कुणाचा नाही, आजी. सर्वसाधारण डोळा आहे.”

“तुह्या बायकोचा?”

“नाही.”

“इथल्या कोन्या मानसाचा?”

“कुणाचाच नाही.”

“कोनाचाच नाई आन् येवढा मोठा,” ती मागे वळून बायकांना म्हणाली. “मंग देवीचाच की ओ.”

त्या देवीला डोळे वाहण्याची रीत होती. घरात कुणाचे डोळे आले की चांदीच्या पत्र्याचे डोळे करून वाहायचे. गाभाऱ्यात तसे पुष्कळ होते, नखाएवढे. तीन फुटांचा कुणी वाहिला नव्हता. मी खुलासा करीपर्यंत गंगूबुढीने बुबुळाच्या वर कुंकू लावले होते आणि बाकीच्यांनी रांग धरली होती. मी घाईने तक्ता काढला. ओट्यावरच्या बावीस जणींपैकी खुपऱ्या कशाने पसरतात याचे बरोबर उत्तर चौघींनी दिले. नऊ जणी म्हणाल्या, देवीच्या कोपाने. उरलेल्या म्हणाल्या, चित्र फार सुरेख आहे.

दुपारी वस्तीकडे निघताना मी ओल्या रुमालाने बुबुळावरचे कुंकू पुसू लागलो. तायडेबाईंनी माझ्या हातातून रुमाल घेतला.

“धुतलं तरी नको, साहेब. सकाळी देवळात काय झालं ते वस्तीत तवाच कळलं. माह्या सासऱ्यानं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले. सारी रात तो मानूस जेवला नाई. अन् तुमी त्याच्या दारात देवीचा डोया घेऊन चालले?”

“तो देवीचा नाही. मी काढला आहे.”

“तुमी काढला हे मले मालूम आहे. त्याइले कोन सांगन?”

डोळा देवळाच्या ओट्यावर ठेवून आम्ही रिकाम्या घोंगडीसह वस्तीत गेलो.

तिथे बाईंनी एका घरून जुने वर्तमानपत्र आणि चुलीतला कोळसा मागितला. त्यावर त्यांनी एक बाई आणि चार मुले काढली. प्रमाण सगळे चुकले होते. मुलांची डोकी पोटाहून मोठी, आणि डोळे चिंचोक्यासारखे. एक बाई हसून म्हणाली, “अवो, हे तं माह्येच लेकरं!” दुसरी म्हणाली, “तुह्ये कायचे? नाक पाहा, माह्या पोराचं आहे.” त्यावरून दोघींची जुंपली. तायडेबाईंनी ते भांडण चालू दिले. कापूस लावून कागद घोंगडीला चिकटवला, कपड्यांची नीळ वाटीत कालवली, एकदाच बोट बुडवले आणि पहिल्या मुलाच्या डोळ्याला लावले. मग बोट न बुडवता दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. चारही चेहरे निळे झाले.

“एकाचे डोये आले व्हते,” त्या म्हणाल्या. “बाकीच्याइले कोनं देल्ले?”

मघाशी नाकावरून भांडणारी बाई आपल्या बोटाकडे पाहत होती. मग तिने ते हळूच पदरात घेतले.

तक्ता मी भरला. वस्तीतल्या चौदा जणींपैकी तेरा जणींचे उत्तर बरोबर आले. चौदावीला ऐकू येत नव्हते, पण तिनेही बोट दाखवले. ते बरोबर धरावे की नाही याबद्दल नियमात काही नव्हते. मी धरले नाही.

अमरावतीला परत येऊन मी दोन्ही तक्ते संचालकांपुढे ठेवले. माझा डोळा हरला होता. तसे मी शेऱ्यात स्पष्ट लिहिले. लिहिताना बरे वाटले नाही, पण आकडे तेच होते. निवड समितीने तक्ते वाचले, एकमेकांकडे पाहिले, आणि माझा डोळा निवडला. शास्त्रीय अचूकता आणि चार रंगांत छापण्याची सोय, ही कारणे दिली. तायडेबाईंच्या कागदाला ‘उत्साहवर्धक’ असा शेरा मिळाला.

“साहेब, पेढे?” बाई म्हणाल्या.

“तक्ते त्यांनी वाचले का?”

“वाचले ना. मोठे लोक वाचतेत, मंग आपल्या मनचं करतेत.”

छपाईचे ठसे करायला समितीला मूळ चित्र आठ दिवसांत हवे होते, आणि ते देवळात होते; त्या संध्याकाळी ओट्यावर बायकांची गर्दी हटेना, म्हणून मी ते तिथेच सोडून रिकामी पेटी घेऊन परतलो होतो. मी परतीच्या वाटेवर अकोल्याला उतरलो. बाई आपल्या केंद्रावर चाललेल्याच होत्या. आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. डोळा आता ओट्यावर नव्हता. गाभाऱ्यात, देवीच्या उजव्या हाताला, सातही तुकडे त्याच घोंगडीसारख्या एका घोंगडीवर नीट लावलेले होते. क्रमही चुकला नव्हता. खाली गंगूबुढी बसली होती, आणि तिच्यापुढे पऱ्हाटीच्या सोललेल्या बारीक काड्यांची जुडी.

“देवीचा डोया कसा काढून देऊ, बापू?” ती म्हणाली. “तूच मागून पाह तिले.”

तेवढ्यात एक बाई कुंकू लावायला पुढे झाली. म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली आणि जुडीतली काडी दिली.

“बोट नाई लावाचं. दर बाईले आपली काडी. लावली का फेक. घरीबी तसंच, पोराइले काजय घालतानी. एकीचं दुसरीले नाई.”

“हे कुणी सांगितलं, आजी?” मी विचारले.

“तूच तं बोंबलून सांगत व्हता त्या दिशी! आमी काय भैरे हावो?”

पण माझ्या तक्त्यात तिचे उत्तर ‘देवीच्या कोपाने’ असे होते. मी वही उघडून पाहिले. तसेच होते.

तायडेबाई देवळाच्या बाहेर, पायरीच्या खाली उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. “मंग आता काय नेनार, साहेब?” त्यांनी विचारले. मी त्यांच्याकडे तो वर्तमानपत्राचा कागद मागितला. नीळ वाळून जरा फिकी झाली होती.

अकोल्याच्या स्थानकावर बसून मी समितीला पत्र लिहिले : ‘मूळ साधन देवस्थानाच्या ताब्यात असून परत मिळणे शक्य नाही. त्याऐवजी श्रीमती तायडे यांचे मूळ साधन जोडले आहे. छपाईसाठी काळा आणि निळा असे दोनच रंग पुरतील.’ दोन्ही तक्त्यांच्या नकलाही जोडल्या आणि पाकीट नोंदणी करून पाठवले. पाच महिन्यांनी छापील प्रत माझ्या कचेरीत आली. डोकी पोटाहून मोठी होती. कुणी सुधारली नव्हती.

अकोल्याहून ते पत्र टाकून पुण्याला पोहोचलो तेव्हा सकाळ होती. रिकामी पेटी ओसरीत ठेवली. थोरली मुलगी माहेरपणाला आलेली. तिच्या तिन्ही मुलांची नुकती अंघोळ झाली होती. माझी पत्नी काजळाची डबी घेऊन बसली होती. तिने बोट बुडवून मोठ्याला लावले, तेच बोट मधल्याला, तेच धाकटीला. आमच्या घरी हे वीस वर्षे चालत आले असणार. त्यातली दोन वर्षे मी त्याच ओसरीत, तिच्यापासून चार हातांवर बसून, पापणीचे दाणे मोजत होतो.

मी तिचा हात धरला आणि काय पाहून आलो ते सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग बोट पदराला पुसत रिकाम्या पेटीकडे पाहिले.

“मग दोन वर्षं,” ती म्हणाली, “तुम्ही डोळा काढत होतात तो कोणाचा?”