हेमाताईच्या नावाने

हेमा कर्णिकला किळस कशी येत नाही, यावर खारकर आळीतल्या तिच्या घरी जेवताना नेहमी चर्चा व्हायची. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका खासगी लॅबमध्ये ती रक्त काढायची आणि तपासायची. साल चौऱ्याऐंशीचं. लोक तेव्हा शौचाचा नमुना काडेपेटीतून आणत, लघवी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, आणि थुंकी कशातून आणत ते न सांगितलेलंच बरं. आई तिला दारातूनच न्हाणीघरात पिटाळायची. "शी! हात तरी कसा लावतेस गं?" हेमा हात धुऊन पाटावर बसायची आणि कोलंबीच्या कालवणासाठी वाटी पुन्हा पुढे करायची.

तिला मळमळायचं ते वेगळ्याच गोष्टीने. "मुंगी चावेल हं, मुंगी!" सुई टोचण्याआधी एवढं कुणी लाडिक आवाजात म्हटलं, की झालं.

लॅबचे डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणत. अंगावर पिणाऱ्या बाळाला म्हणत आणि निवृत्त हेडमास्तरांनाही म्हणत. म्हाताऱ्या माणसाच्या कानाशी ओरडायचं, "आजोबाऽ, मुंगी हं!" आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत ते मात्र सुनेला विचारायचं. हेडमास्तरांचे कान शाबूत होते. मान खाली घालून बसलेल्या त्या माणसाकडे बघताना हेमाला डॉक्टरांच्या गोड हसण्याची शिसारी यायची.

मुलांचं तर विचारूच नका. फोटो काढायचाय म्हणून आणायचं, काका चॉकलेट देणार म्हणून टेबलावर चढवायचं. मग गुणाजी कंपाउंडरने पाय दाबायचे, बापाने डोकं धरायचं, आणि उकळून उकळून बोथटलेली, दगडावर घासून पुन्हा कामाला लावलेली सुई खुपसायची. पोर घसा फोडून रडतंय आणि भोवतीची मोठी माणसं हसताहेत, "झालंसुद्धा! बघ, काही दुखलं का?" दुखलं होतं की! आणि दुखण्याहून वाईट म्हणजे, आईबापांनी फसवलं होतं.

शकू अशीच आली. सात वर्षांची, चेंदणी कोळीवाड्यातली. नवरात्राचे दिवस. आई कलावतीने तिला नवा फ्रॉक घातला, गजरा माळला आणि टेंभी नाक्याच्या देवीला जायचं सांगून घरातून काढलं. देवीच्या मांडवापर्यंत आणलंही, आणि तिथून सरळ लॅबचा जिना चढवला. पोरीचे तापानंतर सांधे सुजायचे. संधिवाताचा ताप, तो हृदयावर जातो, म्हणून डॉक्टरांनी दर महिन्याला रक्त तपासायला सांगितलं होतं. त्या दिवशी शकूला धरायला चौघं लागले. फ्रॉकवर रक्त सांडलं. कलावती पदराने ते पुसत म्हणत होती, "गप बाय, आता जाव ना देवीला." शकू देवीला गेली नाही. मांडवासमोर रस्त्यावर बसकण मारून तिने आईच्या हाताचा चावा घेतला.

पुढच्या महिन्यात ती सापडेनाच. बंदरावर एका होडीत जाळ्याखाली दडली होती. तपासणी चुकली. मग कलावतीने तिला ओढत आणलं. पुन्हा चुकली तर ताप हृदयाला कधी लागला ते कळणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गुणाजीला दोरीसारखी चादर पिळून ठेवायला सांगितली. तेव्हा हेमाचं टाळकं सटकलं.

"चादर नको. तिला माझ्याकडे द्या आणि तुम्ही सगळे बाहेर व्हा," ती म्हणाली.

डॉक्टर "तुझं तू बघ" असं पुटपुटत निघून गेले. हेमाने शकूला आईच्या मांडीवर बसवलं आणि सुई तिच्यासमोर धरली.

"ही टोचणार आहे. दुखेल."

शकू पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघायला लागली. "शिंगाल्यावानी?"

शिंगाळा मासा काटा मारतो तेव्हा बाप्ये माणसं कळवळतात, हे हेमाला ठाऊक होतं. "छे गं. कोलंबी सोलताना डोक्याचा काटा बोटात जातो ना? त्याहून थोडं जास्त."

"मंग शिंगाल्यापरीस कमी."

"पुष्कळ कमी. तू 'हां' म्हणालीस की मगच टोचीन. रडलीस तरी चालेल, हात तेवढा हलवायचा नाही. आणि एकदा टोचून नाही मिळालं, तर तेही सांगीन."

शकूने बराच वेळ घेतला. बाहेर डॉक्टर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. मग ती "हां" म्हणाली, भोकाड पसरून रडली आणि हात जिथल्या तिथे ठेवला. रक्त थेट नळीत आलं. कलावती तोंडात बोट घालून बघत राहिली.

त्यानंतर शकू दर महिन्याला आपणहून जिना चढायची. बाकावरच्या दुसऱ्या पोरांना दटावायची, "हेमाताय खोटा नाय बोलत." ते ऐकून हेमाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

उन्हाळ्यात मात्र शकू आली नाही. दोन महिने गेले. मग एका सकाळी कलावती तिला घेऊन आली. पोर वाळली होती. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिला ठेवलं होतं, हृदयाची झडप तपासायला.

"येत नव्हती वो ताय," कलावती कौतुकाने सांगू लागली. "बापाने शक्कल काढली. बोलला, चल, हेमाताय आता मुंबईला कामाला लागलीय, तिच्याकडं जायचाय. लगेच चप्पल घातली पोरीने! वारडात रात्रीची आमाला राहू देत नव्हते. नर्सबाय सांगत व्हती, रोज टोचताना हाका मारायची तुमाला."

हेमाच्या अंगावर सरसरून काटा आला. "माझं नाव घेतलंत? माझं नाव घेऊन फसवलंत तिला?"

"दुसऱ्या कोनाच्या नावाने आलीच नसती वो," कलावती गोंधळून म्हणाली. तिला खरोखरच कळत नव्हतं आपलं काय चुकलं ते, आणि हेमाला त्याचीच जास्त किळस आली. त्या बाईची, तिच्या नवऱ्याची, हसून बाजू सावरणाऱ्या साऱ्या मोठ्या माणसांची. आपल्या स्वतःच्या नावाचीसुद्धा.

शकू खुर्चीत बसली होती. भिंतीकडे बघत तिने हात पुढे केला.

"शकू, मी तिथे नव्हते गं. मला काहीच माहीत नव्हतं. ऐक, आता टोचणार आहे. थोडं दुखेल. तू 'हां' म्हण, मग…"

हेमाने त्या 'हां'ची वाट बघितली. डॉक्टरांनी आतून हाक मारली, रांग खोळंबली होती. शेवटी हेमाने 'हां'शिवायच सुई घातली. शीर निसटली, कातडीखाली निळी गाठ आली. शकूने हूं की चूं केलं नाही.

"नाही मिळालं गं," हेमा म्हणाली.

"बघा ताय," कलावती म्हणाली, "कशी शानी झालीय आता. रडत पन नाय."

शकूने भिंतीवरची नजर न काढता दुसरा हात पुढे केला.