आणि घाई असली तर?

"आणि घाई असली तर?"

एखादं काम कसं करतो ते आम्ही सांगत असायचो, आणि हे वाक्य यायच्या आधी बाईंची मान उजवीकडं कलायची आणि चष्मा नाकावर घसरायचा. एवढं दिसलं की आम्ही ओळखायचो, आता आपली विकेट पडली. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. तुमचं काम सरळ चाललेलं असतं आणि ते मध्येच प्रश्न घालतं.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सुपरवायझर. तापलेलं कास्टिंग उचलायला मालकांनी रोबो आणला आणि त्याच्या मागोमाग विद्यापीठातून या बाई आल्या. माणसं नव्या यंत्रांशी कशी वागतात आणि त्यात धोका कुठं होतो, हे त्यांचं संशोधन. मला वाटलं, कुणीतरी इंग्रजी झाडणारी येणार. तर या बाई जयसिंगपूरच्या, आमच्या पोरींसारख्याच "मी आलो, मी बघतो" म्हणणाऱ्या. जैन घरातल्या, त्यामुळं आमच्या तांबड्या रश्श्याला लांबूनच नमस्कार. पण आम्ही डबा उघडला की कोपऱ्यातलं आपलं स्टूल जरा जवळ ओढायच्या. "वासाला काय हुतंय?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला बंद रोबोसमोर उभं केलं. मालकांनाही सोडलं नाही.

"डोळं मिटा, आणि लाल बटणावर हात ठेवा."

रोबो तातडीनं थांबवायचं ते बटण. एकाचा हात भिंतीला लागला, एकाचा फ्यूजच्या पेटीला आणि माझा मालकांच्या पोटाला. सगळे खिदळले, बाई मात्र गंभीर. "बटणाची जागा चुकलीया," म्हणाल्या. आयला, चूक आमची नाही, बटणाची! असं आम्हाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी चहा मी पाजला.

मग खंडेनवमी आली. सगळी यंत्रं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या. रोबो चालवणारा आमचा दत्ता मोठा भाविक. त्यानं रोबोचं कपाळ शोधलं आणि गोल, चकचकीत काचेच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. ती काच म्हणजे कॅमेरा. माणूस जवळ आला की तो त्यातून दिसायचा आणि रोबोचा हात थांबायचा.

रोबो सुरू केला. मालक पेढ्यांचं ताट घेऊन नैवेद्य दाखवायला पुढं झाले. हात थांबलाच नाही. गर्रकन फिरला आणि ताट उडालं. पेढे वाळूत गेले, मालक खाली बसले. बोटभर अंतरानं वाचले.

"दत्त्या, अक्कल गहाण टाकलीस काय? उद्यापासनं येऊ नकोस!"

दत्ताच्या घरात मिळवता तो एकटाच. कुंकवाचं बोट तसंच वर धरून तो उभा राहिला. मालकांपुढं बोलणार कोण?

बाई उठल्या. "मालक, कॅमेरा कुठला, दाखवा बघू."

मालकांनी तावातावानं बोट दाखवलं.

"तो दिवा हाय," बाई म्हणाल्या. "कॅमेरा त्या टिळ्याखाली हाय. दत्ताला काढलासा तर दुसरा येईल आणि तोबी तिथंच टिळा लावंल. मीबी तिथंच लावला असता."

मग रोबोच्या कंपनीला फोन लावून असल्या कडाडल्या! "डोळा मिटला तर हात थांबला पायजे! एवढं कळत न्हाई?" या बाईंचा आमच्यावर जीव आहे, हे मला तेव्हा कळलं.

दत्ताची नोकरी राहिली. कंपनीची माणसं येऊन रोबो सुधारून गेली. टिळ्यासाठी बाईंनी कॅमेऱ्याच्या खाली एक पितळी पट्टी बसवून घेतली.

संशोधन संपलं, बाई बंगळूरला गेल्या. निरोपाला आम्ही शाल दिली, तर म्हणाल्या, "भट्टीजवळ असलं काय पांघरू नका रे."

यंदाच्या खंडेनवमीला दत्तानं पट्टीवर कुंकू लावलं. रोबो सुरू केला आणि काठीला बांधलेलं फडकं घेऊन तो लांब उभा राहिला. ते कॅमेऱ्यासमोर धरून हात थांबतो का, हे तो पूजेच्या आधी दरवर्षी बघतो.

मालक ताट घेऊन ताटकळले होते. "आटप की दत्त्या, मला घाई हाय!"

आम्ही सगळ्यांनी एकदम कोपऱ्याकडं बघितलं. मालकांनीही बघितलं. तिथं नुसतं स्टूल होतं.

"बघ बाबा, सावकाश बघ," मालक म्हणाले.

दत्तानं फडकं धरलं. हात थांबला. मालकांनी ताटातला पहिला पेढा उचलला आणि जाऊन त्या स्टुलावर ठेवला. दिवसभर त्याला कुणी हात लावला नाही.