गेलेल्या जागेवरचे दिवस

बाबा अकोल्याला वकिली करायचे. आई गेल्यावर मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे आणलं आणि वेळ जावा म्हणून कॉम्प्युटरवर निवडणुकीचा एक गेम लावून दिला. उमेदवार आपला, मतदारसंघांना नावं आपण द्यायची, आणि प्रचाराचे दिवस मोजके. बाबांनी तेल्हारा, अचलपूर, पार सेमाडोहपर्यंत सगळा मुलूख त्यात बसवला आणि एकामागून एक निवडणुका हरत सुटले.

कारण सरळ होतं. आमच्या घरातलं कुणी निवडणुकीला उभं राहिलं, तर शिरस्ता असा की त्यानं आधी विरोधकाच्या माणसांकडे चहाला जायचं. मत मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक, पण न जाणं बरं दिसत नाही. बाबांचा गेममधला उमेदवारही पहिले दिवस तिथंच घालवायचा. गेमला कसली आलीय चहाची कदर? मी त्यांना पढवलं, पक्की जागा सोडा, गेलेली जागा सोडा, काठावरच्या जागी सगळा जोर लावा. तुह्या गेमले माणुसकी नाई, असं कुरकुरत का होईना, त्यांनी ऐकलं. मग जिंकायला लागले, आणि जिंकले की मी स्वयंपाकघरात असले तरी मला हाक मारून बोलवायचे.

त्याच उन्हाळ्यात त्यांचा बरा झालेला कॅन्सर उलटला. नागपूरला आणखी एक औषध देऊन बघू, असं डॉक्टर म्हणाले. आशा मात्र फारशी दाखवली नाही. मी गाडी ठरवली. बाबा खुर्चीतून उठेनात.

"थे जागा गेली, पोरी. आता तिथं दिवस काहून घालवून राहिली तू?"

माझेच शब्द. मला इतका संताप आला की मी तोंडाला येईल ते बोलले, मग रडले. स्वतःसाठी नको, माझ्यासाठी तरी चला म्हटलं. मग उठून त्यांनी धुतलेला सदरा घातला.

औषधानं काही झालं नाही. तोंड आलं, पातळ वरणही गिळवेना. परतताना तिवस्याला गाडी थांबवली, तेव्हा मी विचारलं, फार त्रास झाला का.

"मले मालूम होतं काई होत नाई म्हून," ते म्हणाले. "पण तुले वाईट वाटलं असतं."

थोड्याच दिवसांत ते गेले. तू काही कमी केलं नाहीस, असं लोक म्हणतात, आणि मी मान हलवते. त्यांच्याजवळ फार दिवस उरले नव्हते. होते तेही त्यांनी माझं मन राखण्यात घालवले.