शिंपी पक्ष्यावरचा आळ

मुलुंडच्या आमच्या बैठ्या घरात एकच चोरी झाली आणि तिचा आळ मी एका शिंपी पक्ष्यावर येऊ दिला.

चौपन्न-पंचावन्न साल असेल. बावीस वर्षांचा मी विषमज्वरातून नुकता उठलो होतो. मी वाचावं म्हणून आत्या लाख फुलवातींचा नवस बोलली होती. रोज वाती वळायच्या, शंभराची पुडी बांधायची, डब्यात टाकायची.

खिडकीबाहेरच्या पपनसावर शिंप्याचं जोडपं होतं. पक्षी केवढा? अंगठ्याएवढा! हिरवट पाठ, तांबूस टोपी, शेपटी कायम उभी. पानांच्या कडा टाचून घरटं शिवणारा गुणी कारागीर. पण आवाज! पहाटे 'टुविट् टुविट्' सुरू झालं, की फौजदाराने दार ठोठावल्यासारखं वाटे. आणि डॉक्टरांनी मला झोप सांगितलेली! फुलवातीचं गोल बूड कानात चपखल बसतं आणि देठ ओढला की अलगद सुटतं, हा शोध मी तेव्हा लावला. उजाडलं, की दोन्ही वाती खिडकीबाहेर. (कानांत रात्री लसणीचं तेल आत्याच घालायची.)

उद्यापनाला चार दिवस उरले आणि पुड्या कमी भरल्या.

"मेल्या, डब्याला हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

तेवढ्यात आत्याला पपनसाच्या शिवलेल्या पानांतून कापूस दिसला. फांदी वाकवून तिने एक वात उपसली.

"माझीच फुलवात! बाळू, काठी आण, पाड ते घरटं! नवस अपुरा राहिला तर तुझ्या जिवावर बेतेल रे!"

मी काठी आणली. शिंपी डोक्याभोवती घिरट्या घालत ओरडत होता. मला ती सरळसरळ साक्षच वाटली! इतक्यात आत्याने वात नाकाशी नेली.

"बाळू..."

"काय, आत्या?"

"पाखरं लसूण खातात का रे?"

आता बोलावंच, म्हणून तोंड उघडलं आणि...

"आत्या, आत पिल्लं आहेत!"

तिने डोकावून पाहिलं. तीन चोची, आ वासलेल्या.

"अगं बाई! बाळंतिणीचं घर! फेक ती काठी." तिने वात होती तिथे परत खोचली. "असू दे. देवाला पोचल्या त्या."

पुढचे चार दिवस बोटं सुजेपर्यंत ती वाती वळत बसली. मी समोर बसून चहा प्यायलो.

आत्या गेली, मी पन्नाशीला आलो. आता सांगतो. त्या पक्ष्याने डब्याला चोचसुद्धा लावली नव्हती. त्यानंतर आत्या मोठ्या मायेने पाखरासाठी खिडकीत रोज कापूस ठेवायची ना, तोही त्याला उजाडल्यावरच मिळायचा.

माझ्या कानांतून निघाला, की!