हौस गोळीची की वासुदेवांची

परदेशीपुऱ्यातल्या वासुदेवांनी अडुसष्ट वर्षांत स्वतःहून काही मागितलं असेल तर ते पाणी. सांवेर रोडच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. भाजी कोणती, सदरा कोणता, सगळं यमुनाबाई ठरवायच्या. मग हात थरथरायला लागले. तुकोगंजच्या डॉक्टर यामिनींनी पार्किन्सनच्या गोळ्या दिल्या, हात थांबले आणि हे गृहस्थ चक्क रांगोळी काढायला लागले!

बरं, आपल्या दारात काढावी की नाही? सहा महिन्यांत अख्खी गल्ली ठिपक्यांनी भरली. सकाळी झाडूवाले पुसून जात, हे पुन्हा उकिडवे. समोर एकट्या राहणाऱ्या सुरुचीच्या दारात मोर उमटला, तेव्हा तर गल्लीला चघळायला आठवडाभराचा नाश्ता मिळाला.

"वासुदेवजी, तिकडे मोर आणि आमच्याकडे चार फुलं? ये तो गलत बात है, भिया!" शेजारचे नानासाहेब ओरडले.

वासुदेव लाजले आणि नानासाहेबांच्या दारात हत्ती काढायला बसले. त्या हत्तीपायी यमुनाबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यातून आणायचं राहिलं. डोळ्यांत औषध घातलेली बाई दोन तास तिथल्याच पायरीवर बसून.

म्हणून या खेपेला डॉक्टरांकडे त्याही आत आल्या.

"काही नवीन शौक लागला का?" डॉक्टरांनी विचारलं. "खरेदी, जुगार, एखादी गोष्ट थांबवताच न येणं? या गोळीनं होतं कधी कधी. मेंदूतलं जे रसायन हात सांभाळतं, तेच 'हे कर, अजून कर' असंही म्हणतं."

वासुदेवांनी बायकोकडे पाहिलं. बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. सांगावं तर गोळी कमी होणार, मोर जाणार. न सांगावं तर ती पायरी.

"म्हणजे आवड माझी नाहीच?"

"असेलही. डोस हळूहळू कमी करून बघू. स्वतःहून बंद करायची नाही हं. पण आहे काय शौक?"

"रांगोळी," वासुदेव पुटपुटले. "पाच-पाच तास. हिलाच विसरलो."

बाहेर आल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "कमाल झाली! चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या मनानं बोललात."

"मनानं?" वासुदेव थबकले. "सकाळची गोळी तर घेतली होती मी. मग बोललं कोण?"