काडीवाल्या साहेबाची रेकॉर्ड

माझे सासरे बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यात पाटलाच्या घरच्या लग्नांत डफडं वाजवायचे. लग्न त्यांचं, उन्हात उभे आमचे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि सासऱ्यांनी डफड्याचं लाकडी कडं चुलीत घातलं. त्यावर मी भाकरी भाजल्या. वाईट वाटलं नाही. "आता आपल्या घरात वाजवनं नाई," त्यांनी सांगून टाकलं.

पुढे आमच्या ह्यांना अकोल्याच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि सासऱ्यांना घेऊन आम्ही तिथं राहायला गेलो. अमरावतीच्या एका दवाखान्यातला गोरा डॉक्टर मायदेशी निघाला, तेव्हा ह्यांनी त्याचा रेकॉर्ड प्लेअर घेतला. सोबत दोन रेकॉर्डी आल्या. दोन्हींवर फ्रान्सचं एकच संगीत, आणि सगळ्या वादकांकडून ते वाजवून घेणारा साहेबही एकच. एक रेकॉर्ड त्याच्या उमेदीतली, दुसरी म्हातारपणातली. त्यात ढोल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका धरतो आणि बाकीची वाद्यं एकेक करून त्यात शिरतात.

सासऱ्यांनी ठेका ऐकला आणि ताटावरून उठले.

"म्या वाजवनं सोडलं अन् तू घरात आनलं? कावून?"

"आपल्याले वाजवा लागत नाई, बाबा. ते वाजवतेत. आपन बसून आयकाचं."

सासरे ओट्यावर जाऊन बसले. बापानं एकदा तरी आत बसून ऐकावं, एवढंच ह्यांना हवं होतं. म्हणून हे रोज संध्याकाळी लावत. मी म्हटलं, नाद सोडा. सोडला नाही.

एके दिवशी ओट्यावरून आवाज आला, "पयल्या रेकॉर्डीत हा मानूस शेवटाले घाईनं पयते. दुसरीत पयत नाई."

मग ते आत आले आणि वेष्टनावरचा फोटो पाहू लागले.

"याच्या हातात तं नुसती काडी हाय."

"त्या काडीकडं पाहूनच सारे वाजवतेत."

"अन् याले कोन हुकूम देते?"

"कोनी नाई."

तेव्हापासून सासरे खुर्चीवर बसून ऐकू लागले. नेहमी दुसरीच रेकॉर्ड. तरुणपणी लोकांना दिपवायची घाई असते, म्हणायचे. म्हाताऱ्यानं ठेका आवरून धरला, म्हणून शेवटी घर हलतं. मला तो फरक कळायला फार दिवस लागले, पण कळला.

मग एकदा गावाकडून पाटलाचा पुतण्या आला. त्यांच्याकडं लग्न होतं.

"बुढ्या, नवे लोक वाजवतेत, पन तुह्यासारखा हात नाई. एक डाव चाल. मानानं नेतो."

"बस. चहा घे," सासरे म्हणाले आणि ह्यांना दुसरी रेकॉर्ड लावायला सांगितली.

मी चहा ठेवला. पुतण्या मध्येच उठू लागला.

"थांब ना. अजून व्हाचं हाय."

शेवटचा दणका झाला. चहाला त्यानं हात लावलेला नव्हता.

"आमच्या घरी आता हे लोक वाजवतेत," सासरे म्हणाले. "आमी आयकतो. तुले आयकाचं असन तं येत जाय."

तो गेला. पुन्हा बोलावणं आलं नाही. सासऱ्यांनी त्याचा चहा माझ्याकडून गरम करून घेतला, खुर्चीत नीट टेकून बसले आणि ह्यांना म्हणाले, "हं, लाव आता. मगाशी त्याच्या पायी नीट आयकता आलं नाई."