पळसाच्या द्रोणातले तांदूळ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी मनातून जात नाही ती एका पळसाच्या द्रोणाची केस. त्या द्रोणात चिमूटभर चावलेले तांदूळ होते.

सत्तरच्या दशकाची अखेर. भंडारा जिल्ह्यात, दिघोरीच्या बाजूला एका लहानशा ठाण्यात मी फौजदार होतो. धानाची मळणी आटोपली होती. सकाळची हजेरी चालू असताना एक खाऊनपिऊन सुखी शेतकरी दहा-बारा माणसं घेऊन ठाण्यात शिरला. मध्ये तिशीतली एक विधवा बाई, मान खाली घातलेली. शेतकऱ्याने तो द्रोण माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हा मुद्देमाल. चोर संगं आणला."

हकिगत अशी. मुलीच्या लग्नासाठी केलेली सोन्याच्या मण्यांची माळ, एकदाणी, पेटीतून नाहीशी झाली होती. गावच्या भगताने मंतरलेले तांदूळ घरात वावरणाऱ्या सगळ्यांना चावायला दिले. ज्याचे कोरडे निघतील तो चोर. बाकीच्यांचे ओले निघाले. अंगण सारवायला येणाऱ्या या बाईचे पिठासारखे कोरडे.

माझ्या हवालदाराने लगेच कागद ओढला. "पंचनामा करू का साहेब?"

"कशाचा? थुंकीचा?" मी ओरडलो.

ओरडलो खरा, पण मी काही फार शहाणा नव्हतो. नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठांकडून हाच प्रयोग शिकून मीही तो दोन-तीनदा केला होता. एकदा चोर सापडला, ती गोष्ट मी चारचौघांत रंगवून सांगत असे. बाकी वेळी काय झालं ते मात्र सांगायचं राहून जाई.

फिर्याद नोंदवून घेतली, गर्दी बाहेर काढली आणि बाईला समोर बसवलं. मारहाण नाही, शिवी नाही. एवढंच विचारलं, "घेतलीस का?"

तिने डोक्यावरचा पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "घेतली असन साहेब."

"असन म्हणजे काय?"

"मले तं काई आठवत नाही. पन तांदूळ खोटं कायले बोलन? मीच घेतली असन. कुठं ठेवली तेच आठवून राहिली कालपासून. चूल उकरली, छपरात पाहिलं. नाही भेटली." आणि एकदम हात जोडून, "मले जेलात टाका साहेब, पन माही पोरगी आठ वर्साची हाय. तिले कोन पाहीन?"

मी सुन्न झालो. खोटं बोलणारे शेकड्यांनी पाहिले होते. पण न केलेली चोरी स्वतःच्याच घरात शोधणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आयती कबुली समोर होती. हवालदार डोळ्यांनी खुणावत होता, लिहून घ्या म्हणून. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

तिला चहा पाजला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि सगळ्यांना घेऊन गावात गेलो. चावडीपुढे भगताला बोलावलं.

"मंतर तांदूळ. आता मी सांगेन ते खातील. ज्याचे कोरडे निघतील त्याला इथूनच बेड्या." बेड्या काढून सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या.

पहिला शेतकरी. दुसरा माझा हवालदार. तिसरा खुद्द भगत. तो मागे सरकला, "मी देतो साहेब, खात नाही."

"आज खा."

तिघांनी चावले, तिघांनी थुंकले. तिघांचेही कोरडे ठाक! हवालदाराचा चेहरा तर रडवेला झाला. "साहेब, आईच्यान, मी तं त्या दिवशी तुमच्याच संगं बंदोबस्तात होतो!"

लोक हसू लागले. मी म्हणालो, "तेच तर. भ्यालं की तोंडाला कोरड पडते, मग चोर असो की हवालदार. काल या बाईइतकं भ्यालेलं तुमच्यात कोण होतं?" हसणं थांबलं.

मग शेतकऱ्याला विचारलं, "घरातल्या प्रत्येकाला तांदूळ दिले होते?"

"सगळ्याइले देल्ले. फक्त बुढी सोडून."

"का?"

"तिले दात कुठं हाय साहेब?"

दात नाहीत म्हणून म्हातारीला कोणी तांदूळ दिले नव्हते, आणि तांदूळ दिले नाहीत म्हणून कोणी काही विचारलंही नव्हतं! मी घरी गेलो. त्याची आई उन्हात बसली होती. तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून जवळ बसून मोठ्याने विचारलं, "आजी, एकदाणी पाहिली का?"

"पाहिली म्हणजे? मीच ठेवली न बाबू, बियाच्या ढोलीत. लग्नाचं सोनं पेटीत ठेवते का कोनी?"

पुढल्या पेरणीचं बियाणं भरून शेणाने लिंपलेली बांबूची ढोली पंचांसमोर फोडली. कोपरभर खोल धानात, फडक्यात बांधलेली एकदाणी निघाली. शेतकरी सगळ्यांदेखत त्या बाईपुढे हात जोडून म्हणाला, "चुकलं माय."

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे साहेब, मी नाही घेतली?"

"नाही बाई. तू नाही घेतली."

"खरंच नाही?"

"खरंच नाही."

तेव्हा कुठे ती रडली. मोकळं, लहान मुलासारखं. माझेही डोळे भरून आले. वर्दीत होतो म्हणून टोपी सारखी करत राहिलो.

भगताचा धंदा त्या दिवशी बंद पडला असं मी म्हणणार नाही. महिन्याभराने त्याचा ओटा पुन्हा लोकांनी भरलेला दिसला. मी बदललो एवढं मात्र खरं. एखादी गोष्ट हमखास खरी ठरते असं कोणी सांगितलं की मी विचारू लागलो, चुकली किती वेळा तेही सांगा. कबुली हातात आली तरी तपास थांबवला नाही.

आणि त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या कायम भरलेला असे. समोर कोणीही येवो, आधी त्याला पाणी द्यायचो. घोट घशाखाली उतरला की मगच पहिला प्रश्न.